घरटी एक शेख

आमचा पंचाक्षरी कमी बोलतो. मुका नाही. विचारलं तर सांगतो, पण विचारलं तेवढंच. "जेवलास का रे?" "हाव." "भाजी कसली होती?" यावर तो माझ्याकडं बघत राहतो. डबा मीच भरून दिलेला असतो, त्यामुळं भाजी मला ठाऊक असते, आणि आमचं भागतं.

मी त्याची आत्या, रत्नम्मा. शाळा चौथीपर्यंत झाली, निलंग्याकडं. मास्तर मराठीत शिकवायचे आणि आम्ही पोरी आपसात कानडीत हसायचो, त्यामुळं अर्धी शाळा कशाबद्दल होती ते कळलंच नाही. माझा मुलगा पुण्याला असतो, नातवंडं फोनमध्ये असतात. लातूरच्या घरात मी आणि पंचाक्षरी. माणूस साधा आहे, त्याच्यावर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच बसले. चुका सापडल्या तर मास्तरांच्या नावावर घाला.

तो माझ्या थोरल्या भावाचा, शंकरप्पाचा मुलगा. त्यांचं गाव तेरणेच्या काठाला, किल्लारीच्या अलीकडं. भूकंपाच्या साली हा गणपती बघायला म्हणून माझ्याकडं लातूरला आला होता. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जायचा होता. दुसऱ्या दिवशी गाडी होती, गाव नव्हतं. भाऊ, वहिनी, थोरली पोरगी महानंदा, सगळे माळवदाखाली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात काय गार राहतं म्हणून मी सासरी त्या घराची बढाई मारायची.

लोक म्हणतात, तुम्ही लई रडला असाल. मला तसं आठवत नाही. माणसं येत होती आणि मी चहा करत होते, हे आठवतं. साखर संपली, मग बिनसाखरेचा केला. तोही सगळे प्याले. पंचाक्षरी रिकाम्या कपबश्या उचलून आणून देत होता. पुढं एक डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, ह्याला रडवा, आत साठलंय. आता रडवायचं कसं? एकदा चिमटा काढून बघितला. "दुखलं का?" म्हटलं. "हाव," म्हणाला, आणि भाकरी खात राहिला.

आमच्या समोर पाशामियाँ शेखचं गाद्यांचं दुकान. खाली कापूस पिंजायचं यंत्र, वर घर. त्या आठवड्यात दुकानातल्या तयार रजया त्यानं दवाखान्यात नेऊन दिल्या आणि एक पंचाक्षरीला आणली. खाटेवर ठेवली आणि गेला. पुढच्या साली त्याला मुलगी झाली, सादिया. ती पंचाक्षरीच्या खांद्यावर बसूनच वाढली. हा हसायचा नाही आणि ती ह्याला हसवायचं सोडायची नाही. "पंचाभाई, दात दिखाओ," म्हणायची, तर हा खरंच दात दाखवायचा, बाजारात बैल दाखवतो तसे.

मग लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं. आधी गल्लीत एक पाटी लागली, मग पाट्यांमागं भिंत दिसेना. ज्याच्या घरात दोन खोल्या, त्यानं एक बाहेरगावच्या पोरांना दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपू लागला. सकाळी गल्लीत माणसांपेक्षा सायकली जास्त. सगळ्यांना डॉक्टर व्हायचं होतं. "अक्का, इतने डागदर हुए तो बीमार कौन पडेगा?" पाशामियाँ म्हणायचा. तक्रार नव्हती, कारण पोर आलं की त्याला गादी लागते.

हणमंतराव सरांचा क्लास आमच्या गल्लीच्या तोंडाशी. बारावी झाल्यावर पंचाक्षरी तिथं कामाला लागला. आधी खडू-डस्टर, मग झेरॉक्स, मग कॉम्प्युटर. यंत्राशी त्याचं जमलं. यंत्रही विचारलं तेवढंच बोलतं. दर रविवारी पोरांची परीक्षा आणि सोमवारी निकाल, हे सगळं काम त्यानं यंत्राला शिकवून ठेवलं होतं. काय काय करायचं ते एकदा लिहून ठेवायचं, यंत्रानं दर वेळी तसंच करायचं. ह्या लिहिण्याला तो स्क्रिप्ट म्हणायचा.

आणि ह्या एका विषयावर आमचा पोरगा बोलायचा. आईबद्दल दोन शब्द नाहीत, पण शेलबद्दल भाकरी गार होईस्तोवर.

शेल म्हणजे, मला समजलं तसं सांगते, यंत्राच्या दारात बसलेला शिपाई. कचेरीत साहेबाला परस्पर भेटता येत नाही, शिपायाला सांगावं लागतं, तसं. आता ह्या शिपायाला एक सवय. आपलं बोलणं जिथं मोकळी जागा दिसेल तिथं तो तोडतो. मीठ साखर चहा म्हटलं की तीन जिनसा. ते बरोबरच आहे, नाही तर मीठसाखरचहा नावाची एकच जिनस शोधत दिवसभर फिरेल. पण माणसाच्या नावातही मोकळी जागा असते की.

"मग नावाचं काय करतो तो?" मी एकदा विचारलं होतं.

"डब्यात घालायचं असलं तर तोडत न्हाई," पंचाक्षरी म्हणाला. "ह्या डब्यातलं त्या डब्यात घाल, एवढंच म्हणलं तर कुठलाबी शेल अख्खं घालतो. गाठसुद्धा बांधायची गरज न्हाई."

डबा म्हणजे यंत्रातली नाव-गुण ठेवायची जागा, प्रत्येक डब्याला स्वतःचं नाव. आणि गाठ म्हणजे पुस्तकात माणसाच्या बोलण्याच्या दोन्ही बाजूंना टांगतात त्या खुणा. त्या लावल्या की शिपायाला कळतं, हे गाठोडं आहे, सोडायचं नाही. डबे भरताना पंचाक्षरी गाठ बांधत नसे. गरज नव्हती, आणि उगाच काही करायचा त्याचा स्वभाव नाही. लातूरला त्याचं कधी काही अडलं नाही.

सादिया दहावी झाली त्या उन्हाळ्यात सरांनी नांदेडला शाखा काढली. तिथं एक निवडीची बॅच बसणार होती, सर स्वतः शिकवणार होते. त्यासाठी चाळणी परीक्षा ठेवली, लातूरलाही आणि नांदेडलाही. सादियाला त्या बॅचमध्ये जायचं होतं. दुसरं काही तिला नको होतं. राहायला तिची खाला होतीच नांदेडला. सकाळी मी अंगण झाडायला उठले की वरच्या खिडकीत तिचं डोकं दिसायचं, पुस्तकात घातलेलं.

नांदेडच्या शाखेत यंत्रं नवी कोरी आली. पंचाक्षरीनं लातूरचं स्क्रिप्ट तिकडं नेलं आणि चालवलं. यंत्रानं कुरकूर केली नाही. यादी निघाली, दोन्ही गावी फळ्यावर लागली, नांदेडच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्सही चढला. यादीत परीक्षेचा नंबर आणि पुढं नुसतं आडनाव. लोकांना वाटलं, कागद वाचवला असेल. ज्यानं त्यानं आपापला नंबर बघितला.

सादियाचा नंबर नव्हता.

ती आमच्याकडं आली तेव्हा पंचाक्षरी जेवत होता. ती रडत नव्हती. उंबऱ्यातच उभी राहिली.

"पंचाभाई, यादीत एकपण शेख नाही."

"नसंल."

"नसंल काय? किती शेख बसले होते परीक्षेला! नांदेडला माझ्या पुढच्या बाकावर शेख मुबश्शिरा होती, भोकरची. बाहेर आल्यावर आम्ही सगळी उत्तरं ताडून बघितली. तिचे माझ्याहून जास्त बरोबर. तिचापण नंबर नाही. आणि जाधव एकच आहे. लातूर-नांदेड मिळून जाधव एकच?"

"पाटील?" मी मध्येच विचारलं.

"एकच, दादी. कांबळे एक. पवार एक."

"मग हे घरटी एक आवतण दिल्यासारखं झालं," मी म्हणाले.

आमच्याकडं लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायचीच नाही. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकानंच यायचं. मी आपली गंमत केली. पण पंचाक्षरीचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो ताटात परत ठेवला, हात धुतला, आणि सायकल काढून क्लासला गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली. एकपण शेख नाही, म्हणजे बघा. सरांबद्दल बोलत होते, पण यादी काढणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी सादियाच्या हाती धपाटे पाठवले तर तिच्याच हाती परत आले. "अब्बा म्हणतात, पेट भरा है."

"तुझंही भरलंय का?"

"मी रस्त्यात एक खाल्लं," ती म्हणाली. मग जिन्यावर बसली. "दादी, मला रडूपण येत नाही. पेपर बिघडला असता तर रडले असते. रडू कशावर?"

बॅच सोमवारी सुरू होणार होती.

पंचाक्षरी नांदेडला जाऊन तिथलं एक नवं यंत्र गोधडीत गुंडाळून एसटीनं घेऊन आला. कंडक्टरनं विचारलं म्हणे, पाव्हणं आजारी हाय का. शनिवारी दुपारी त्यानं ते खाटेवर मांडलं आणि शेजारी घरातलं जुनं. घरातलं यंत्र क्लासच्या जुन्या यंत्रासारखंच होतं. मी तिथंच कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या उलटत होते.

"बघायला एक नाव पाहिजे," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. मग टाइप करता करता त्यानं मोठ्यानं म्हटलं, "बिराजदार महानंदा शंकरप्पा."

गाव पडल्यापासून त्याच्या तोंडून बहिणीचं नाव मी ऐकलं नव्हतं. मी कुरडया उलटत राहिले.

जुन्या यंत्रावर अख्खं नाव उमटलं. नव्या यंत्रावर नुसतं बिराजदार.

"असं का?" मी विचारलं. न विचारता तो सांगणार नव्हता.

"मी स्क्रिप्टच्या माथ्यावर लिवलंय, एसएचला बोलवा. जुन्या यंत्रात ह्या हाकेला बॅश येतो. नव्यात डॅश येतो. हाक एकच, शेल दुसरा."

"जुळे भाऊ का?"

"न्हाई. डॅश अंगानं बारीक, चपळ हाय. सांगितलं तेवढंच करतो."

"तुझ्यासारखा."

तो यावर हसला नाही. "नुसतं डबा भर म्हणलो असतो तर दोघांनीबी अख्खं नाव घातलं असतं. पण मी एक्सपोर्ट म्हणलोय. म्हणजे डबा भर अन् पुढच्या खोलीतबी दिसू दे. गुण मांडायचं काम पुढच्या खोलीत चालतंय, तिथं नाव लागतं. बॅशला कळतं, तोंडी एक्सपोर्ट असलं तरी हे डबा भरायचंच काम हाय. तो तोडत न्हाई. डॅशला एक्सपोर्ट म्हणजे इतर हुकमासारखा एक हुकूम. हुकूम आला की मोकळ्या जागी तोडायचं."

"मग बाकीचे तुकडे कुठं गेले?"

त्यानं काहीतरी दाबलं. नव्या यंत्रावर एकाखाली एक शब्द उमटत गेले. मला इंग्रजी वाचता येत नाही. त्यानं बोट ठेवून दाखवलं. "पहिला तुकडा डब्यात गेला. बाकीच्या तुकड्यांच्या नावानं त्यानं नवे डबे मांडलेत. हा महानंदा. हा शंकरप्पा."

"त्यांत काय आहे?"

"काय न्हाई. नुसती नावं."

"मग यंत्र ओरडलं कसं नाही?"

"नावं इंग्रजीत हायत. डब्याला असली नावं चालतात. कशाला ओरडंल?"

माझ्या कुरडया उलटून झाल्या होत्या. मी पहिल्यापासून परत उलटायला घेतल्या.

पुढचं त्यानं बोलत बोलत उलगडलं. आपल्याकडं आडनाव आधी लिहितात, मग नाव, मग बापाचं. नाव आधी लिहिणाऱ्या मुलखात हे घडलं असतं तर नाव तरी उरलं असतं. इथं उरलं आडनाव. पुढच्या खोलीत ज्याच्या त्याच्या नावाखाली गुण मांडत होते, तर एका जाधवाचे मांडले, दुसरा जाधव आला, त्याचे पहिल्यावर मांडले, पहिला पुसला गेला. शेवटी जो आला तो जाधव. शेखांमध्ये शेवटी आला मुज्तबा म्हणून एक मुलगा. त्याचं परीक्षेत पोट दुखलं आणि तो अर्धा पेपर टाकून उठला होता. सगळ्या शेखांच्या वतीनं तोच नापास झाला. आणि ज्यांची आडनावं कधी कुणी ऐकली नव्हती त्यांची पोरं बिनघोर आत.

"आणखी एक शेल हाय," पंचाक्षरी म्हणाला, "झेडशेल. तो सांगितल्याबिगर डब्यातलं कधीच तोडत न्हाई. तसला असता नांदेडला, तर चूक कळलीबी नसती."

"चूक डॅशची म्हणायची?"

"माझी. गाठ मी बांधली न्हाई."

मग त्यानं गाठ बांधली. दोन्ही यंत्रांवर अख्खं नाव आलं. ते त्यानं थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग पुसलं आणि सरांकडं गेला.

पंचाक्षरी सांगतो ते शब्दाला शब्द सांगतो, पदरचं घालत नाही, त्यामुळं सरांकडं काय झालं ते मी बघितल्यासारखं सांगू शकते. सर आधी खूप बोलले. मग पाणी प्याले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पंचा, गल्लीत काय बोलतायत ते आलंय माझ्या कानावर. असं करू. त्या शेखच्या पोरीला घेऊ आपण. एक खुर्ची वाढवू. फ्लेक्स लागलाय, लोकांनी पेढे वाटलेत, कशाला उकरतोस? सोमवारी येऊन बसू दे तिला. झालं?"

"सर, जाधव लई हायत," पंचाक्षरी म्हणाला.

"काय?"

"जाधव. पाटील. कांबळे. पवार. शेखबी लई हायत."

"मग मी कुणाला बाहेर काढू? तू सांग."

"ते मला न्हाई ठाऊक. मी अख्ख्या नावांची यादी काढून देतो."

एवढं खरं की सरांनी त्याला हाकलला नाही. म्हणाले, "काढ. उद्या नांदेडला लावू. पण आईबाप आले की माझ्या शेजारी तू उभा राहायचं."

"हाव," हा म्हणाला.

घरी आल्यावर मी विचारलं, "अरे, पोरीची जागा चालून आली होती. पाशामियाँची पोरगी ती."

"हाव."

"नव्या यादीत आली नाही तर?"

त्यानं खांदे उडवले. त्याला काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण तोंडावर काही नव्हतं. मी तरी काय म्हणणार, मला रात्री झोप लागली.

रविवारी पहिल्या गाडीनं तो गेला. मागून पाशामियाँ सादियाला घेऊन निघाला, तेव्हा दुकानातून मला म्हणाला, "अक्का, चलो. पोरगी तुमच्याजवळ बसेल." तीन दिवसांनी माझ्याशी बोलला तो. मी चप्पल घातली.

अहमदपूर, लोहा करत आम्ही नांदेडला पोचलो तर क्लासपुढं ही गर्दी. नवी यादी लागली होती. नाव, बापाचं नाव, गुण, सगळं. मध्ये सरांनी तांबड्या पेननं रेघ ओढली होती. रेघेच्या वरचे आत. फळ्याशेजारी सर, आणि सरांशेजारी पंचाक्षरी, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

एक गृहस्थ ओरडत होते. त्यांचा मुलगा आधीच्या यादीत होता, आता नव्हता. "कुणी केली ही चूक?" पंचाक्षरी म्हणाला, "मी." त्यांनी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवून घेतली नाही. धरून तरी किती वेळ धरणार माणूस, त्यांनी आपणच सोडली.

सादिया गर्दीत शिरली. मी आणि पाशामियाँ मागं. तिचं बोट वरून खाली येत होतं. मुबश्शिराचं नाव लागलं, बऱ्यापैकी वर. बोट खाली आलं. जाधव आले, पुष्कळ आले. रेघ आली. रेघेखाली बोट थांबलं. शेख सादिया पाशामियाँ. रेघेच्या खाली लगेच नाही. मध्ये आणखी काही नावं होती.

ती तिथंच उभी राहून रडायला लागली. मोठ्यानं, तोंड न झाकता. सरांनी ते बघितलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते पाशामियाँला म्हणाले, "मी काल म्हणत होतो, तुमच्या मुलीला घेऊ. यानंच ऐकलं नाही."

पाशामियाँला हे ठाऊक नव्हतं. तो पंचाक्षरीकडं वळला.

"सच्ची है क्या रे ये बात?"

"हाव, चाचा."

"खुर्ची देत होते?"

"हाव."

"और तू नक्को बोला?"

पंचाक्षरीनं फळ्याकडं बघितलं. "चाचा, वर मुबश्शिरा हाय," तो म्हणाला. "ती राहिली असती."

पाशामियाँनं त्याच्याकडं कितीतरी वेळ बघितलं. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं, दोघांचंही. पण त्यानं सादियाच्या हाताला धरलं आणि स्टँडकडं चालू लागला.

परतीच्या गाडीत जागा कशा मिळतील तशा बसलो. पाशामियाँ पुढं ड्रायव्हरमागं जाऊन बसला, पाठ करून. मी एका बाकावर कोपऱ्यात. सादियाला जागा मिळाली ती नेमकी पंचाक्षरीच्या शेजारी. ती रडत होती. त्यानं तिची पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली, कुणी चोरून नेईल तशी. लोहा गेलं. ती रडायची थांबायची, खिडकीबाहेर बघायची, परत सुरू. शेवटी नाक पुसून म्हणाली, "पंचाभाई."

"हं."

"माझे गुण बरोबर मांडलेत ना? परत बघितले?"

"दोनदा."

"मला तेवढेच पडले?"

"हाव."

"जीवशास्त्रात गेले माझे," ती म्हणाली. "मला माहीत होतं. त्या मुबश्शिराला सांगितलं नव्हतं मी." आणि परत रडली, पण आता जरा सावकाश. मग म्हणाली, "आता तुम्ही गप बसा." तो तर गप्पच होता. गाडीत पलीकडची एक बाई ह्यालाच रागानं बघत होती, पोरीला काय केलं म्हणून.

सोमवारी सादिया लातूरच्या साध्या बॅचला जाऊन बसली. जीवशास्त्राचं पुस्तक वरच्या खिडकीत दिसू लागलं. पाशामियाँ माझ्याशी बोलायला लागला, धपाटे ठेवून घ्यायला लागला. पंचाक्षरीशी मात्र बरेच महिने कामापुरतंच बोलायचा, आणि पंचाक्षरी तर कुणाशीही कामापुरतंच बोलतो, त्यामुळं त्यांचं भांडण चालू आहे हे गल्लीत कुणाला कळलंही नाही.

त्या रविवारी मात्र आम्ही घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मी भात टाकला. तो हातपाय धुऊन ताटावर बसला. कॉलर एका बाजूनं उसवली होती. मी वाढता वाढता विचारलं, "पंचा, वाईट वाटलं का रे तुला?"

त्यानं विचार केला. खरोखरच केला, भात कालवायचा थांबून.

"वाटायला पाहिजे व्हतं ना, आत्या?"

"हो."

"मग वाटलं असंल," तो म्हणाला आणि वरण मागितलं.